आजारी मुलांची उन्हाळी सुट्टी

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून आपण दरवर्षी शिक्षणाविषयी ऐकता. मुलींना शाळेतून काढू नका, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरा, दहावीनंतर कोणत्या शाखेला जावे, हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत आणि आजही अन्य वक्ते त्यांवर बोलणार आहेत. मी मात्र आज थोडा निराळा विषय घेतला आहे. ज्या मुलांना कर्करोग झाला आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आईवडील व भावंडांसाठी, एक पैसाही न घेता चालवल्या जाणाऱ्या उन्हाळी शिबिरांचा हा विषय आहे. ही शिबिरे दूर अमेरिकेत सुरू झाली. तेव्हा आपल्या गावच्या मेळाव्यात त्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी मला प्रथम माझीच एक चूक सांगावी लागेल.

सहा वर्षांपूर्वी पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. त्या वर्षी वर्गात एक मुलगा दाखल झाला. तिसरीत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. मधले दीड वर्ष त्याचे मुंबईला गेले. आता गोळ्या चालू होत्या, ठराविक दिवसांनी तपासणीला जावे लागे, पण डॉक्टरांनी शाळेत जाण्यास परवानगी दिली होती. डोक्यावर नुकतेच उगवू लागलेले केस, त्यावर टोपी आणि तोंडावर फडके, असा तो पहिल्या दिवशी दारात उभा राहिला. वर्गात कुजबुज झाली. दोन पालक मला येऊन भेटले आणि त्याला जरा वेगळे बसवा म्हणाले. हा रोग स्पर्शाने पसरत नाही हे मला ठाऊक होते. तरीही मी त्याला दाराजवळच्या बाकावर एकटे बसवले आणि ‘त्याला हवा लागावी म्हणून’ असे कारण दिले. खरे कारण मला माहीत होते आणि, मला वाटते, त्यालाही माहीत होते.

डिसेंबरात प्रतापगडची सहल ठरली. वर्गणी सहाशे रुपये होती. पहिल्याच दिवशी हा मुलगा पैसे घेऊन आला. दहा-वीसच्या नोटा होत्या, ईदीच्या साठवलेल्या. मी त्या मोजल्या आणि त्याला परत केल्या. “बेटा, तुझी तब्येत बरी झाली की पुढच्या वर्षी जाऊ,” असे म्हणालो. त्याने वाद घातला नाही. फक्त विचारले, “सर, डॉक्टरांना विचारू का?” मी नको म्हणालो. त्याची धाकटी बहीण आमच्याच शाळेत दुसरीत होती. तिच्या वर्गाची वनभोजनाची सहल होती, तिथे तीही गेली नाही. भाऊ जात नाही तर मीही जात नाही, असे तिने तिच्या बाईंना सांगितल्याचे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

त्या वेळी माझ्या मनाला हे फारसे लागले नाही, उलट आपण जबाबदारीने वागलो असेच वाटले. पुढे या शिबिरांविषयी वाचनात आले तेव्हा माझी चूक मला कळली. म्हणून आता त्यांच्याकडे वळतो.

एक काळ असा होता की रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रथम दाखवून दिले की औषधाने या रोगाला काही काळ तरी उतार पडतो. पुढे एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात निम्म्याहून अधिक मुले पाच वर्षांपलीकडे जगू लागली. ही अल्लाहची मोठी मेहेरबानीच. पण त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. ती वर्षे म्हणजे बालपणाचाच तुकडा असतो. जे मूल जगणार आहे, त्याने ही वर्षे फक्त सुई, सलाइन आणि भिंतीकडे पाहण्यात काढायची काय?

अमेरिकेत उन्हाळी शिबिराची प्रथा जुनी आहे. कनेक्टिकट राज्यातील फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने १८६१ साली आपल्या शाळेतील मुलांना उन्हाळ्यात रानात नेऊन तंबूत राहावयास लावले, तेव्हापासून ही प्रथा मोजतात. आपल्याकडे सुट्टी लागली की मुले मामाच्या, नानीच्या गावी जातात, तशी तिकडची अनेक मुले शिबिराला जातात. नाव वल्हवतात, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणतात, आईवडिलांशिवाय राहावयास शिकतात. पण कर्करोग झालेल्या मुलाला अशा शिबिरात कोण घेणार? औषध कोण देणार, ताप आला तर काय करणार, ही भीती असे. मी सहाशे रुपये परत केले त्यामागेही हीच भीती होती. फरक एवढाच की तिकडे काही माणसे ही भीती दूर कशी करावी या विचाराला लागली.

त्यांपैकी एक होते न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरचे गॅरी मर्व्हिस. १९७९ साली त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आपली मुलगी एकटी पडली आहे, तिच्यासारखे दुसरे मूल तिने पाहिलेलेच नाही, हे बापाच्या लक्षात आले. पुढच्याच वर्षी, १९८० साली, त्यांनी अशा सुमारे साठ मुलांचे शिबिर भरवले. ‘कॅम्प गुड डेज अँड स्पेशल टाइम्स’ असे त्या संस्थेचे नाव आहे. ती मुलगी १९८२ साली वारली. बापाने काम बंद केले नाही. आपले मूल गेल्यावर परक्यांच्या मुलांना हसवण्यासाठी पुन्हा उभे राहणे म्हणजे काय असेल, याचा विचार प्रत्येक पित्याने क्षणभर करावा.

दुसरे उदाहरण प्रसिद्ध चित्रपट अभिनेते पॉल न्यूमन यांचे. १९८२ साली त्यांनी लेखक मित्र ए. ई. हॉचनर यांच्यासह सॅलडवर घालण्याचे तेल आणि व्हिनेगर यांचे मिश्रण बाटल्यांत भरून विकावयास सुरुवात केली. सुरुवात थट्टेतच झाली होती, पण धंदा वाढला आणि न्यूमन यांनी त्याचा सगळा नफा धर्मादाय कामाला देण्याचे ठरवले. त्यांतूनच १९८८ साली कनेक्टिकटमधील अ‍ॅशफर्ड येथे, तळ्याकाठच्या रानात, कर्करोग व इतर गंभीर आजार असलेल्या मुलांसाठी ‘होल इन द वॉल गँग कॅम्प’ उभा राहिला. हे नाव त्यांच्या १९६९ च्या एका चित्रपटातील दरोडेखोरांच्या टोळीवरून घेतलेले आहे. तो सारा परिसरच जुन्या काळच्या गुराख्यांच्या वस्तीसारखा लाकडात बांधला आहे.

या कामी सौदी अरेबियाचाही हातभार लागला, हे आपणांस ऐकून आनंद होईल. बालपणापासून रक्ताच्या विकाराशी झगडलेल्या एका सौदी तरुणाला या बेताची माहिती कळली. त्याने आपल्या देशात शब्द टाकला आणि राजे फहद यांच्याकडून पन्नास लाख डॉलरची देणगी मिळाली. ज्याने स्वतः दुखणे सोसले होते त्यालाच दुसऱ्याच्या मुलाची सुट्टी मोलाची वाटली. कल्पना एका अमेरिकन नटाची, पैसा अरबस्तानचा आणि खेळणारी मुले सर्व जातिधर्मांची. चांगल्या कामाला गाव आणि जात विचारावी लागत नाही.

आता या शिबिरांत होते तरी काय ते सांगतो. मुले तिरंदाजी शिकतात, घोड्यावर बसतात, गळ टाकून मासे धरतात, नाटक करतात, दोरांवरून उंच चढतात. चढावे किंवा न चढावे हे मुलाने ठरवावयाचे असते. कोणी दोन पायऱ्या चढून उतरला तरी टाळ्या पडतात. डॉक्टर आणि परिचारिका दिवसरात्र तेथेच राहतात. ज्याची गोळी असेल त्याला गोळी मिळते, ज्याला सुई हवी त्याला सुई मिळते. पण दवाखान्याला दवाखान्याची कळा नसते. अ‍ॅशफर्डच्या दवाखान्याला ‘ओके कोराल’ असे गुराख्यांच्या गोष्टींतले नाव दिले आहे. औषध घ्यावयाचे आणि खेळाकडे परत धावायचे. औषध हा दिवसातला एक लहानसा भाग ठरतो.

माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट याहून साधी आहे. त्या शिबिरात टक्कल पडलेले मूल निराळे दिसत नाही, कारण शेजारच्याचेही केस गेलेले असतात. कोणाची टोपी उडाली तर कोणी वळून पाहत नाही. आपल्या गावात, आपल्या वर्गात, आपल्या मोहल्ल्यात जे मूल ‘ते आजारी पोर’ म्हणून ओळखले जाते, ते तेथे आठ दिवस नुसते मूल असते.

आता कुटुंबाविषयी. घरातील एक मूल दीर्घ आजारी पडले की दुसऱ्या मुलांवर काय गुदरते, इकडे आपले लक्ष जात नाही. अम्मी एका मुलाला घेऊन मुंबईला, अब्बा पैशाच्या तजविजीत, आणि धाकटी पोर खालाकडे नाहीतर दादीकडे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, भाऊ कसा आहे? तू कशी आहेस, हे तिला कोणी विचारत नाही. तिला राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते, आणि आपल्याच एखाद्या बोलण्याने भाऊ आजारी पडला की काय, असेही पुष्कळ लहान मुलांना वाटत असते. ही गोष्ट ओळखून या संस्थांनी भावंडांसाठी वेगळी शिबिरे काढली. मेन राज्यात सेबॅगो सरोवराकाठी ‘कॅम्प सनशाइन’ ही संस्था १९८४ सालापासून आहे. तेथे संपूर्ण कुटुंबच राहावयास बोलावतात. मुले खेळत असताना आईवडील दुसऱ्या आईवडिलांजवळ बसतात. रात्री ताप चढला की छातीत कसे धस्स होते, हे ज्याच्याजवळ समजावून सांगावे लागत नाही, असा माणूस त्यांना तेथे भेटतो. आयर्लंडमध्ये किल्डेर परगण्यातील बॅरेट्सटाउन येथील एका जुन्या किल्लेवजा वाड्यात न्यूमन यांच्याच प्रेरणेने १९९४ साली असे केंद्र निघाले. तेथेही आजारी मुलांची, भावंडांची आणि कुटुंबांची शिबिरे होतात. न्यूमन २००८ साली वारले. त्यांच्या कामातून निघालेल्या शिबिरांचा परिवार आज अनेक देशांत पसरला आहे.

या सर्व ठिकाणी शुल्क घेत नाहीत. गरिबांकडून घेत नाहीत असे नव्हे, कोणाकडूनच घेत नाहीत. यामागे मोठे शहाणपण आहे. फक्त गरिबाला माफी ठेवली म्हणजे त्याला उत्पन्नाचा दाखला घेऊन दारात उभे राहावे लागते, आणि मुलांतही फुकटातला व पैसे भरणारा असे दोन वर्ग पडतात. दीर्घ आजाराने चांगले खातेपिते घरही खचते. रजा संपते, दागिना गहाण पडतो, नातेवाइकांपुढे हात पसरावा लागतो. अशा माणसाला एकदा तरी कोणी म्हणावे, या, बसा, येथे तुम्हांला काही मागावे लागणार नाही. दान देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही शिकवण आपणांस नवी नाही. येथे ती आचरणात आलेली दिसते.

आता एक रास्त शंका. खेळाने कर्करोग बरा होतो काय? नाही, होत नाही. रोग औषधाने बरा होतो आणि औषधाला पर्याय नाही. शिबिर हे उपचाराच्या जागी नसून उपचाराच्या जोडीला आहे. मग कोणी म्हणेल, हा पैसा औषधांनाच का देऊ नये? आपल्या देशाच्या परिस्थितीत या शंकेला वजन आहे, हे मी कबूल करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. निदान उशिरा होणे, औषध न मिळणे आणि उपचार अर्धवट सोडून देणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुले वाचावीत, असा संकल्प संघटनेने २०१८ साली सोडला आहे.

उपचार अर्धवट का सोडले जातात, हे मुंबईत परळला १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयाच्या आसपास फिरले तरी समजते. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश आणि आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांतून आलेली कुटुंबे राहावयास जागा नाही म्हणून हताश होतात. २००६ साली मुंबईत ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था याच कामासाठी निघाली. उपचार चालू असेपर्यंत मूल आणि त्याचे आईवडील यांना ती विनामूल्य जागा देते. प्रत्येक कुटुंबाला आपला कोपरा, स्वयंपाकाची सोय, आणि मुलांसाठी अभ्यास व खेळ. म्हणजे आपल्या देशातही डोक्यावरचे छप्पर, ताटातली रोटी आणि हातातला चेंडू एकाच ठिकाणी देता येतो, हे सिद्ध झाले आहे. औषध की खेळ, असा हा प्रश्नच नाही. औषध मुलाला जगवते. आपण कशासाठी जगावयाचे हे मुलाला खेळात, मित्रांत आणि शाळेतच समजते.

पालकहो, आपली संस्था लहान आहे. तळे, घोडे आणि वाडे आपल्यापाशी नाहीत. पण या शिबिरांतून घेण्यासारख्या काही गोष्टींना पैसा लागत नाही. त्या सांगून मी आपली रजा घेतो.

शिक्षकांनी अशा मुलाला वर्गाच्या मध्ये बसवावे. त्याला काय जमेल हे आपल्या भीतीने न ठरवता त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. सहल असो, स्नेहसंमेलन असो, त्याचे नाव आपण होऊन खोडू नये. भावंड आपल्याच शाळेत असेल तर आठवड्यातून एकदा त्याला जवळ बोलावून, तू कसा आहेस, एवढे विचारावे.

पालकांनी घरी मुलांना सांगावे की कर्करोग डब्यातून, पाण्यातून किंवा हात धरल्याने लागत नाही. उलट धोका आपल्या मुलाकडून त्याला असतो. औषधांमुळे त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. आपल्या मुलाला कांजिण्या, गोवर किंवा ताप आला तर त्याला घरी ठेवावे आणि शाळेला त्याच दिवशी कळवावे. आजाऱ्याच्या भेटीस जाणे पुण्याचे आहे, पण मुलादेखत रडणे, उसासे टाकणे आणि अमक्याचा मुलगा याच रोगाने गेला असे सांगणे हे पुण्य नव्हे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तर सर्वांत मोठे काम करू शकता. वर्गबंधू रुग्णालयात असेल तेव्हा त्याला वह्या पोचवा, फोन करा, वर्गातल्या गमती सांगा. तो परत आला की त्याच्या टोपीकडे पाहू नका, त्याला खेळात घ्या. धावता येत नसेल तर गुण मांडू द्या. पण खेळात घ्या.

त्या मुलाचे उपचार पुरे झाले. आज तो अकरावीत आहे, अल्लाहच्या कृपेने खणखणीत आहे. मागच्या महिन्यात बाजारात भेटला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो लाजला आणि म्हणाला, “सर, मी ते विसरलो.” मग थोडे थांबून म्हणाला, “डॉक्टरांनी मात्र जा म्हणून लिहून दिलं होतं. चिठ्ठी दप्तरातच होती.”

तिकडे मुलाकडून पैसा न घेता त्याला रानात नेतात. माझ्यापुढे मूल स्वतःचे पैसे घेऊन उभे होते, दप्तरात परवानगी होती, आणि मी त्याला नेले नाही. यंदाच्या सहलीची यादी मी करणार आहे. ती करताना कोणाही मुलाचे नाव विचारल्यावाचून गाळणार नाही, असे वचन आज आपणा सर्वांसमक्ष देतो. आपणही घरोघर असेच वचन घ्यावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.